उघडणी

खोकं दुकानात आलं तेव्हा तो मागच्या खोलीत भिंगं घासत बसला होता. गोल काच यंत्राच्या एका तोंडातून आत जाते आणि फ्रेमच्या मापाची होऊन बाहेर पडते. मधल्या वेळात पाण्याची बारीक फवारणी आणि दात शिवशिवावेत असा आवाज. त्या आवाजात कुणाच्या हाका ऐकू येत नाहीत, म्हणूनच बहुतेक त्याला ते काम आवडत असे. शेवटी काउंटरवरच्या बाईंनी पडदा सारला.

"बाहुलेबुवा, सासुरवाडीहून सामान आलंय. सही कोण करणार?"

दुकानात त्याला हेच नाव होतं, आणि जपानहून येणाऱ्या त्याच्या खोक्यांना सासुरवाडीचं सामान. चाळिशीला टेकलेला माणूस, केस विरळ व्हायला लागलेले, बोटं मात्र अशी की सुईच्या टोकाएवढा स्क्रू एका दमात जागेवर बसावा. आणि त्या बोटांनी घरी जाऊन काय करायचं, तर जपानी कार्टूनमधल्या पात्रांच्या वीतभर प्रतिमा मऊ कुंचल्याने झाडायच्या. त्यांना बाहुल्या म्हटलेलं त्याला खपत नसे. फिगर म्हणा, असं तो पहिली काही वर्षं सांगायचा. मग त्याने नाद सोडला. बाहुलेबुवा तर बाहुलेबुवा.

घरचा पत्ता तो देत नसे, कारण घरी आई होती. आईचं म्हणणं साधं होतं: घरात सून एक टिकली नाही आणि कपाटात बघावं तर रांगेने उभ्या आहेत, पुन्हा एकीलाही खायला घालावं लागत नाही. हे ती चिडून म्हणायची नाही. भांडी पुसता पुसता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणायची, आणि ते जास्त लागायचं.

सही करून त्याने खोकं उचललं. वजन ओळखीचं होतं. आत कोण आहे ते त्याला ठाऊक होतं, फुरंगटी होती. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात त्याने आणि त्याच्या लेकीने पलंगावर पोटावर पडून तिची मागणी नोंदवली होती. कळ लेकीने दाबली होती.

या धंद्याची रीत अशी की वस्तू आधी बनत नाही. कंपनी नुसतं चित्र दाखवते, मागण्या गोळा करते आणि मग बनवायला बसते. वर्ष जातं, कधी दीड वर्ष. मोठ्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. वर्षभरात मोठ्या माणसाचं फार तर पोट सुटतं. पण साडेनऊ-दहा वर्षांच्या पोरीने मागवलेली वस्तू जेव्हा दारात येते, तेव्हा मागवणारी पोर त्या घरात असतेच असं नाही. तिच्या जागी दुसरीच कुणीतरी, लांब हातापायांची, उभी असते.

लेकीला तो पिटू म्हणायचा. ती पाच वर्षांची असताना तो आणि तिची आई वेगळे झाले. भांडून नाही; दोघंही भांडायला कंटाळले म्हणून. पिटू आईकडे राहणार आणि एकाआड एक रविवारी बाबाकडे येणार असं ठरलं. पहिल्या रविवारी ती आली आणि दिवसभर दारापाशीच बूट घालून बसून राहिली. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला त्याने नाइलाजाने, दुसरं काहीच सुचेना म्हणून, कपाटावरून एक नवं खोकं काढलं आणि जमिनीवर ठेवलं. पोरगी सरकत सरकत आली. बूट तसेच.

त्या दिवशी उघडणी सुरू झाली. हा शब्दही पिटूचाच. उघडणीचे नियम होते आणि ते दोघांनी मिळून केलेले असल्यामुळे मोडायचे नव्हते. बाबाने पातं चालवून चिकटपट्टी कापायची, झाकण पिटूने उघडायचं. मग दोघांनी डोकं जवळ आणून आतला वास घ्यायचा, कोऱ्या प्लास्टिकचा, दोघांनाही आवडणारा. मग आतला पारदर्शक प्लास्टिकचा साचा बाहेर. पाय आधी बैठकीवर बसवायचे, मग हात, मग केसांचा भाग वेगळा असेल तर तो. चेहऱ्यावरचा पातळ कागद सगळ्यात शेवटी काढायचा, आणि तो काढताना बोलायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: एकट्याने कधीच उघडायचं नाही. खोकं केव्हाही येवो, थांबायचं.

ते जमवत होते तो संच एका मालिकेतला होता. ढगांमधून टपाल वाहणारी एक बोट, तिच्यावरची माणसं. जपानी नावं पिटूच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिने सगळ्यांचं नव्याने बारसं केलं: कप्तानीण, झोपाळू, चष्मिस, आणि बोटीचं इंजिन सांभाळणारे आजोबा, ज्यांच्या टोपीत मांजर झोपलेलं असतं. आणि फुरंगटी. हाताची घडी, फुगवलेले गाल, सदा कुणावर तरी रुसलेली. पिटूचा तिच्यावर भारी जीव. "ही माझ्यासारखी आहे, पण मी कधी रुसत नाही," असं ती एकदा म्हणाली होती, आणि आजी तिकडे तोंड फिरवून हसली होती.

मग हळूहळू रविवार गळायला लागले. एकदा परीक्षा होती. एकदा मैत्रिणीचा वाढदिवस. मग पोहण्याचा वर्ग लागला, मग वर्गातून ती क्लबात गेली, आणि क्लबाचा सराव रविवारी असायचा. कधी सकाळी सरावाला जाऊन दुपारी यायची, ओले केस, डोळे लाल, आणि खुर्चीतच पेंगायची. उघडणी राहून जायची. "पुढच्या वेळी," ती म्हणायची. "हो गं, कुठे पळतायत," तो म्हणायचा. खोकी येत राहिली, कारण मागण्या जुन्या होत्या. कपाटावर जागा उरली नाही तेव्हा त्याने ती स्वयंपाकघरातल्या माळ्यावर रचली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण तो ती जाणत होता. या प्रतिमा मऊ प्लास्टिकच्या असतात. मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं काहीतरी घातलेलं असतं, आणि बंद खोक्यात, गरमीत, ते हळूहळू बाहेर झिरपतं. प्लास्टिकला घाम फुटतो. अंग चिकट होतं, त्यावर धूळ बसते, वेष्टणाचा कागद रंगाला धरतो. हाच माणूस छंदवाल्यांच्या गटावर नवशिक्या पोरांना फोनवरून दरडावायचा: खोकी सांभाळून काय करताय, उघडा, हवा लागू द्या, नाहीतर हळहळत बसाल. सगळा गट त्याचं ऐकायचा. आणि त्याच्या स्वतःच्या घरी, शेगडीच्या डोक्यावर, उन्हाळे काढत खोकी बसली होती. त्याला रात्रंदिवस ठाऊक होतं. पण शब्द दिला होता.

फुरंगटी आली त्याच आठवड्यात पिटूच्या आईचा फोन आला. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि बोलतानाही अहवाल वाचून दाखवावा तसं बोलायची. पिटू आता बारावं ओलांडते आहे, तिला काय हवं ते तिने स्वतः ठरवावं असं तिच्या आईला वाटत होतं. या रविवारी ती येईल आणि जे सांगायचं ते तीच सांगेल.

"काय सांगणार आहे?" त्याने विचारलं.

"तिच्या तोंडून ऐक. फक्त एक कर, तिच्यासमोर रडारड करू नकोस. ती तुझ्याकडे बघून शब्द गिळते."

फोन ठेवल्यावर त्याने यंत्रावर एक भिंग वाया घालवलं. डाव्या डोळ्याचं उजव्या मापाने कापलं. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

रविवारी त्याने सगळी खोकी माळ्यावरून उतरवली, पुसली आणि पलंगावर मांडली. मध्ये फुरंगटी, सगळ्यात मोठी. आई दारात उभी राहून बघत होती. "दुकान टाकतोयस?" तिने विचारलं. मग त्याच्या तोंडाकडे पाहून ती आत गेली आणि कांदा चिरायला बसली.

पिटू आली. केस कापलेले, मानेपर्यंत. अंगात क्लबाचं निळं जाकीट. तिने बूट काढून जोडीने भिंतीशी लावले, आजीला मिठी मारली, पाणी दिलं तर थँक्यू म्हणाली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. थँक्यू ऐकून आजीने भुवया चढवल्या. "अगंबाई, पाहुण्या आल्यात. पाट मांडू का?"

"आजी, काय गं." ती हसली. मग तिचं लक्ष पलंगाकडे गेलं आणि हसू जरा अडखळलं. "एवढी?"

"साठली," तो म्हणाला. "आणि बघ, कोण आलंय."

तिने फुरंगटीचं खोकं पाहिलं. "अरे हो," ती म्हणाली. "ही मागवली होती ना आपण." ओळखीच्या कुणाच्या लांबच्या बहिणीबद्दल बोलावं, तशा आवाजात. मग हात मांडीखाली घेऊन म्हणाली, "बाबा, मला तुला एक सांगायचंय."

"सांग की. आधी उघडणी, मग सांगणी," तो घाईघाईने म्हणाला आणि पातं घेऊन खाली बसला.

ती खाली बसली. नकार देण्याइतकी ती वाईट पोर नव्हती. त्याने जुन्यातल्या एका खोक्याची पट्टी कापली, तिने झाकण उघडलं, दोघांनी डोकी जवळ आणली. आणि दोघांनीही एकदमच मागे घेतली. कोरा वास नव्हता. आंबट, तेलकट, बंद डब्यातल्या जुन्या मेणासारखा काहीतरी वास आला. झोपाळू होती आत, उशी कवटाळलेली. साच्यातून काढताना ती सुटेना. प्लास्टिक तिला धरून बसलं होतं. पिटूने बोटांनी सोडवली तर तिच्या बोटांचे ठसे झोपाळूच्या गालावर उमटले आणि तसेच राहिले. चेहऱ्यावरचा कागद काढताना कुणी बोललं नाही. कागदासोबत एक पापणी निघून आली.

दुसरं खोकं उघडलं, तेच. तिसरं. आजोबांच्या टोपीतलं मांजर टोपीला चिकटलं होतं.

"हे काय झालं?" पिटूने विचारलं. ती आपली बोटं एकमेकांना लावून बघत होती, चिकटत होती.

त्याने समजावून सांगितलं. घाम, तेल, गरमी. घाबरण्यासारखं काही नाही, कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण, जरा हलक्या हाताने. पापणी तो रंगवू शकेल, त्याचा हात आहे. "चल, धुऊ या."

पुढचा तास चांगला गेला. दोघं स्वयंपाकघरातल्या नळापाशी उभे होते, आजीचं पातेलं ताब्यात घेऊन. पिटूने जाकीट काढून बाह्या वर सारल्या. झोपाळूला आंघोळ घालताना ती म्हणाली, हिला पोहायला शिकवू का, आणि पातेल्यात तिला पाठीवर तरंगवलं. झोपाळू बुडाली. "शून्य गुण," पिटू म्हणाली आणि खरोखरीची हसली, नाकाला साबण लागलेला. त्याला वाटलं, आहे. अजून आहे.

तेवढ्यात तिने सहजच विचारलं. "तुला माहीत होतं ना, बंद ठेवली की असं होतं? तूच मला सांगितलं होतंस एकदा."

"माहीत होतं."

"मग तू उघडलीस का नाही?"

"ठरलं होतं ना आपलं. एकट्याने नाही."

नळ चालू होता. पिटूच्या हातातली झोपाळू पाण्याबाहेरच राहिली. तिचा चेहरा त्याने बाजूने पाहिला. हिशेब लागत गेलेला त्याला दिसला: परीक्षा, वाढदिवस, क्लब, पुढच्या वेळी, पुढच्या वेळी. मग ती अगदी हळू म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे."

आता, एवढ्याशा जागी माणसाला किती वेळ मिळतो? नळाचं पाणी पातेल्याच्या काठाशी यायला लागतो तेवढा. तेवढ्या वेळात त्याला म्हणता आलं असतं, वेडे, तुझा काय संबंध, बाप मूर्ख आहे तुझा. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण त्याच्यामागोमाग दुसरंही काहीतरी आलं, आणि ते त्याला स्पष्ट दिसलं, आणि दिसूनही त्याने ते परतवलं नाही. तो गप्प बसला. नळ बंद केला. पातेल्यातलं पाणी ओतून दिलं.

"अजून पुष्कळ धुवायच्या आहेत," तो म्हणाला. "एका दिवसात होणार नाहीत."

"मी येईन," पिटू म्हणाली. "दर रविवारी येईन. होईपर्यंत."

जेवणं झाल्यावर त्याने विचारलं, तुला काय सांगायचं होतं? विचारताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, तो पापणीसाठी कुंचला शोधत होता.

"काही नाही," ती म्हणाली.

आणि त्याने ते 'काही नाही' तसंच ठेवून घेतलं.

ती येऊ लागली. एकाआड एक नाही, दर रविवारी, सकाळीच. त्याने ठरवून टाकलं होतं की एका दिवशी दोनच धुवायच्या. घाई केली तर रंग जातो, असं त्याने सांगितलं. हे खोटं होतं. सगळ्या मिळून एका दुपारचं काम होतं, गटावरच्या कुठल्याही पोराने ते सांगितलं असतं. मग त्याने हेही सांगितलं की चिकटपणा कधी कधी परत येतो, पुन्हा धुवावं लागतं. हे खरं होतं, पण सांगायची गरज नव्हती. पिटू मान डोलवायची. फुरंगटीचं खोकं त्याने फोडलं नव्हतं. ते शेवटी, तो म्हणायचा, सगळ्या स्वच्छ झाल्या की मग. तिची शान आहे. ते खोकं कपाटावर होतं आणि जोवर होतं तोवर रविवार होता.

फक्त नळापाशी पुन्हा कुणी तरंगलं नाही. पिटू यायची, हात धुवायची, पातेलं घ्यायची. काम नीट करायची. कानामागची जागा, केसांच्या बटांच्या खाचा, बोटांची बेचकी, सगळं. वर बघायची नाही. शिक्षा म्हणून फळा पुसायला ठेवलेलं मूल पुसतं तसं. दोन झाल्या की विचारायची, "आजच्या झाल्या ना?" त्याने काही विनोद केला तर हसायची, वेळेवर आणि मोजकं. आजीने दोन-तीन रविवार हे पाहिलं. मग एकदा पोरगी गेल्यावर ती त्याला म्हणाली, तू तिला मोलकरीण ठेवलीस का रे. तो म्हणाला, ती स्वतःहून येते. आई म्हणाली, मोलकरीणही स्वतःहूनच येते.

हे त्याने कानावरून जाऊ दिलं. पोर घरात येत होती. तिचे बूट भिंतीशी होते. बाकीचं हळूहळू होईल, असं तो स्वतःला सांगत राहिला. चिकटपणा जसा धुण्याने जातो तसं. दुकानातही त्याची कळी खुललेली होती. काउंटरवरच्या बाईंना त्याने आपणहून सांगितलं की लेक आता दर आठवड्याला असते. बाई म्हणाल्या, वा, नशीबवान आहात, आमची तर हाक मारली तरी ओ देत नाही.

मग पिटूच्या आईचा दुसरा फोन आला. या वेळी अहवालाचा आवाज नव्हता.

"पोहण्याच्या संघाची निवड झाली काल-परवा," ती म्हणाली. "दोन रविवार चाचण्या होत्या. ती गेलीच नाही. मला सांगायची सरावाला जाते, आणि तुझ्याकडे यायची. मला आज तिच्या शिक्षिकेकडून कळलं."

तो कपाटाला टेकला.

"तुला हेच सांगायला आली होती ती त्या दिवशी. की चाचण्या आहेत, म्हणून काही महिने येणं जमणार नाही. पाठ करून आली होती वाक्यं, तुला वाईट वाटू नये म्हणून. आणि आज विचारलं तर म्हणते, बाबाच्या बाहुल्या माझ्यामुळे खराब झाल्या, मला त्या नीट करायच्या आहेत. असं सांगितलंस तू तिला?"

"मी असं म्हटलेलं नाही."

"मग काय म्हटलंस?"

"काहीच नाही म्हटलं."

"तेच तर," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी तो फुरंगटीचं खोकं दुकानात घेऊन गेला. दुपारी मालक जेवायला वर गेले, दाराला पाटी उलटी लागली, तेव्हा त्याने ते काउंटरवर ठेवलं आणि चिकटपट्टी कापली. बाई डबा खात होत्या. "अहो, हे तर लेकीबरोबर उघडायचं ना?" त्यांनी विचारलं. त्यांना सगळी रीत ठाऊक होती. त्यानेच कधीतरी कौतुकाने सांगितली होती. तो म्हणाला, नाही, आता नाही. बाईंनी डबा जरा बाजूला सरकवून त्याला जागा करून दिली.

झाकण त्यानेच उघडलं. वास कोरा होता. ही उशिरा आलेली, हिला माळा लागला नव्हता. पाय बैठकीवर. हात घडीचे, एकत्रच. केसांचा भाग वेगळा होता, तो मागून अलगद बसला, टक् असा आवाज करत. चेहऱ्यावरचा कागद काढला. अगदी बिनचूक चेहरा, एकही डाग नाही, गाल फुगवलेले, नजर बाजूला. इतकं सुंदर काम त्याच्याकडे दुसरं नव्हतं. त्याला काही म्हणता काही वाटलं नाही. चष्म्याची फ्रेम उलटसुलट करून पाहावी तशी त्याने ती पाहिली आणि परत गुंडाळली.

घरी जाऊन त्याने उरलेली सगळी खोकी फोडली आणि सगळ्या फिगर धुऊन टाकल्या. आईने न मागता पातेलं दिलं. जेवणाच्या वेळेआधी काम संपलंही.

रविवारी पिटू आली, बूट काढले, बाह्या वर सारायला लागली आणि थांबली. कपाटात सगळ्या उभ्या होत्या. कप्तानीण, झोपाळू, चष्मिस, मांजरवाले आजोबा. मधोमध फुरंगटी.

"सगळ्या झाल्या?"

"झाल्या."

"हीसुद्धा? तू एकट्याने उघडलीस?"

"हो."

तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिचे खांदे खाली आले. अगदी थोडेसे, पण त्याचं काम जन्मभर सूतभर फरक ओळखायचं. नियम मोडल्याचा राग येईल असं त्याला वाटलं होतं. रडेल, भांडेल, त्याची त्याने तयारी केली होती. सुटकेची केली नव्हती.

"पिटू, त्या तुझ्यामुळे खराब झाल्या नव्हत्या," तो म्हणाला. "मला माहीत होतं काय होणार ते. केव्हाही उघडता आल्या असत्या. तू फक्त हो म्हणाली असतीस फोनवर, तरी. मी विचारलंच नाही. आणि त्या दिवशी तू म्हणालीस ना, माझ्यामुळे, तेव्हाही मला माहीत होतं."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

याचं उत्तर त्याच्याजवळ होतं. ते बारा वर्षांच्या पोरीच्या हातात देण्यासारखं नव्हतं. तो कपाटाच्या काचेवरचा नसलेला डाग पुसत राहिला. ती वाट बघत उभी राहिली, मग तिने वाट बघायचं सोडलं.

"मी निवडीला गेले नाही, बाबा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आता पुढच्या वर्षी. तोवर माझ्या जागी दुसरी असेल." आणि जरा थांबून, "आणि मला पिटू नको म्हणत जाऊस."

"बरं," तो म्हणाला.

ती फोन घेऊन बाहेर गॅलरीत गेली. दार तिने लोटून घेतलं, पण ते दार कधीच नीट लागत नसे. ती आईशी बोलत होती. तिचा आवाज, कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता असा, भरभर, एकावर एक वाक्यं चढलेली. "हो, झालं सगळं. नाही गं, बाबानेच केलं. नाही, आता नाही यावं लागणार. हो. खरंच. आज संध्याकाळी पूल उघडा असतो का?"

आत आली तेव्हा तिने आवाज पुन्हा जागेवर बसवला होता. आई म्हणाली जेवून ये, असं ती म्हणाली.

आजीने ताटं घेतली. आणि पोरगी जेवली. गेले कित्येक रविवार घास चिवडणारी पोरगी, मागून मागून जेवली. आजीने विचारलं तसं तिने बसल्या बसल्या हात फिरवून दाखवला, पाण्यात कोपर कसं वर ठेवायचं, श्वास कुठल्या बाजूला घ्यायचा. आजीने तसं करायला जाऊन पाण्याचा पेला लवंडला, तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. त्याने तिच्या पाठीवर थोपटलं. जाकिटाखाली खांदा टणक लागला, त्याच्या ओळखीचा नव्हता. तिने खांदा काढून घेतला नाही. इतकी छान दुपार त्या घरात वर्षभरात झाली नव्हती.

"मग आता कधी गं?" आजीने ताट उचलता उचलता विचारलं.

पोरीने आजीकडे पाहिलं नाही, त्याच्याकडे पाहिलं. तोंडात घास होता. तिच्या डोळ्यांत भीती होती, लहानशी, आधीच गप्प होऊन बसलेली.

"पोहणं नसेल तेव्हा," तो म्हणाला.

तिने पटकन मान डोलवली आणि घास गिळला. पोहणं कधी नसतं, ते त्याने विचारलं नाही.